घोटभराचा हिशेब

पेडर रोडच्या चढावर, परतीच्या बाजूला, आमचं पाण्याचं टेबल होतं. तेव्हा मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धावणाऱ्याला हा चढ दोनदा लागायचा. जाताना पहाटेचा अंधार असायचा, पाय ताजे असायचे, चढ कधी संपला ते कळायचंही नाही. येताना पस्तीसेक किलोमीटर पायांत साचलेले असायचे, ऊन वर आलेलं असायचं आणि तोच रस्ता अंगावर यायचा. त्या वर्षी गुडघ्यानं दगा दिला होता, त्यामुळे मी धावत नव्हते. ग्लास भरत होते.

टेबलाची सूत्रं आमच्या गटातल्या कंडक्टर काकांकडे होती. सगळी नोकरी एसटीत काढली आणि साठीनंतर धावायला लागले. गर्दी कशी हाकायची हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. "पुढे सरका, पुढच्या टेबलावर मोकळं आहे!" असं ओरडत ते पत्र्याच्या टेबलावर दोनदा थाप मारायचे. डबल बेल, म्हणजे निघा. पहिल्याच टेबलाशी झुंबड उडायची आणि शेवटची दोन-तीन टेबलं ओस पडायची, हे प्रत्येक शर्यतीत होतं. एसटीच्या दाराशी लोंबकळणाऱ्यांना आत सरकवण्याची सवय तिथे कामी आली. मला पहिला धडा मिळाला तो ग्लास भरण्याचा. "अर्धाच भर गं. पूर्ण भरलास की निम्मं अंगावर नि उरलेलं नाकात." खरंच, सराईत धावणारा ग्लास उचलतो, वरची कड चिमटीत दाबतो, त्याची चोच करतो आणि दोन घोटांत मोकळा होतो. नवखा तोंड वर करून ओततो आणि पुढची शंभर पावलं खोकत जातो. साडेनऊपर्यंत सांडलेल्या गोड पेयानं रस्ता इतका चिकट झाला की प्रत्येक बूट उचलताना चर्र असा आवाज यायचा.

दहाच्या सुमारास एक गृहस्थ आले. चाळिशीचे असतील. धावत नव्हते, चालतही धड नव्हते. टेबलाची कड धरून उभे राहिले. चेहरा सुजल्यासारखा, घड्याळाचा पट्टा मनगटात रुतलेला, बोटातली अंगठी मांसात गेलेली. काकांनी लगेच ग्लास पुढे केला. तेवढ्यात शेजारच्या वैद्यकीय पथकातली तरुण डॉक्टर धावत आली. "काका, त्यांना पाणी नका देऊ."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दारी आलेल्याला आधी पाणी विचारायचं, या संस्कारात वाढलेला माणूस. "अहो, तहानलेल्याला पाणी नाही द्यायचं?"

"तहानलेले आहेत का, ते त्यांनाच विचारा."

काकांनी विचारलं. गृहस्थ थोडा वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "तहान? नाही... पण प्रत्येक टेबलावर दोन-दोन घेतलेत. प्यायचं असतं ना?"

एवढं बोलून ते वाकले आणि उलटी झाली. नुसतं स्वच्छ पाणी. सकाळी निघताना दुखण्याची गोळी घेतली होती का, हा डॉक्टरचा पुढचा प्रश्न. घेतली होती, दोन. स्ट्रेचर आलं. रक्तातलं सोडियम खूप खाली गेलं होतं, हे नंतर कळलं. दोन दिवसांनी ते घरी गेले, ठणठणीत. काका मात्र त्यानंतर बराच वेळ गप्प होते. धावताना पाण्यावाचून माणूस मरतो हे त्यांना ठाऊक होतं. पाण्यानंही मरू शकतो, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. खरं सांगायचं तर मी वाचलं होतं, पण माझाही विश्वास त्याच दिवशी बसला.

लांबच्या शर्यतींचा इतिहास पाहिला तर पाण्याच्या बाबतीत माणूस एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेलेला दिसतो, आणि दोन्ही टोकांना त्यानं बळी दिलेत.

पहिलं टोक आमच्या शाळेच्या मैदानावरही होतं. पळताना पाणी प्यायलं की पोटात कळ येते, असं पीटीचे सर बजावायचे आणि नळाकडे वळणाऱ्याला शिट्टी मारून परत बोलवायचे. हा समज काही त्यांच्या डोक्यातून आलेला नव्हता. १९०४ सालच्या सेंट लुइस ऑलिम्पिकमध्ये तो सरकारी थाटात राबवला गेला. ३० ऑगस्टची दुपार, पारा ३२ अंशांच्या आसपास, कच्चे धुळीचे रस्ते, पुढे-मागे धुरळा उडवत जाणाऱ्या पंचांच्या मोटारी. जवळजवळ चाळीस किलोमीटरच्या वाटेवर पाणी मिळण्याची ठिकाणं जेमतेम एक-दोन. हा हलगर्जीपणा नव्हता. मुख्य संयोजक जेम्स सलिव्हन यांना शरीर पाण्यावाचून किती ताणता येतं ते पाहायचं होतं. ३२ जण धावायला उभे राहिले, १४ जणांनी शर्यत पुरी केली. विल्यम गार्सिया रस्त्याकडेला पडलेला सापडला, धुळीनं आतून रक्तस्राव झालेला. जिंकला तो थॉमस हिक्स. त्यानं वाटेत पाणी मागितलं, तर त्याच्या माणसांनी ते दिलं नाही. कोमट पाण्याच्या स्पंजनं तोंड पुसलं आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकातून स्ट्रिक्नीन पाजलं. पुढे ब्रँडी. ३ तास २८ मिनिटं ५३ सेकंद या वेळेत त्याला अक्षरशः धरून शेवटच्या रेषेपलीकडे नेलं. ऑलिम्पिक मॅरेथॉनमधली ही सर्वांत संथ विजयी वेळ.

पन्नास वर्षांनंतरही चित्र फार पालटलेलं नव्हतं. १९५४ साली व्हँकुव्हरला राष्ट्रकुलाच्या स्पर्धेत इंग्लंडचा जिम पीटर्स दुसऱ्या क्रमांकापेक्षा सतरा मिनिटांनी पुढे असताना स्टेडियममध्ये शिरला, आणि शेवटच्या फेरीत दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात पुनःपुन्हा कोसळला. जगातली सर्वांत जलद मॅरेथॉन तेव्हा त्याच्याच नावावर होती. ती शर्यत त्यानं पुरी केली नाही आणि पुढे कधीच शर्यत धावला नाही.

मग काटा फिरला. १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकांनी तिथल्या रॉबर्ट केड या डॉक्टरला एक प्रश्न विचारला, तो जरा संकोचाचाच होता: आमच्या पोरांना सामन्यात लघवीला का होत नाही? सगळं पाणी घामातून जात होतं. केडनं पाणी, मीठ आणि साखर यांचं मिश्रण केलं. चव इतकी वाईट की पोरं थुंकायची. त्याच्या बायकोनं सुचवलं, लिंबू पिळून बघा. त्यातून गेटोरेड जन्माला आलं. म्हणजे आपलं लिंबू सरबत, पण पेटंटसह! आपल्याकडच्या कुठल्याही आजीनं हा शोध फुकटात सांगितला असता. पण आजीकडे जाहिरातीचं खातं नव्हतं.

तिथून तीसेक वर्षांत पाणी न पिणं हा मर्दपणा राहिला नाही, पाणी पीत राहणं हे कर्तव्य झालं. तहान लागली म्हणजे उशीर झाला, तहान लागायच्या आत प्या, हे वाक्य मासिकांतून, जाहिरातींतून, प्रशिक्षकांच्या तोंडून सगळीकडे पसरलं. मराठी माणसाला ते पटायला वेळ लागला नाही, कारण तहान लागल्यावर विहीर खणू नये हे आपल्याला पाठच असतं. १९९६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिननं तर घामातून जाईल तेवढं सगळं भरून काढा, नाहीतर पोटाला सोसेल तितकं प्या, असा सल्ला दिला. अकरा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांनाच तो मागे घेऊन सुधारावा लागला.

मधल्या काळात काय झालं, त्याची सुरुवात दक्षिण आफ्रिकेत आहे. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमध्ये नव्वदेक किलोमीटरची कॉम्रेड्स नावाची शर्यत १९२१ पासून चालते. आपल्याकडच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंची ती पंढरीच. तिथे पाणी ग्लासात नसतं, प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत असतं. दातानं कोपरा फाडायचा, थोडं पोटात, थोडं मानेवर. १९८१ च्या शर्यतीत एक बाई सत्तर किलोमीटरच्या आसपास भ्रमिष्टासारख्या वागू लागल्या आणि पुढे बेशुद्ध पडल्या. पाणी कमी पडलं असणार, असं धरून त्यांना आणखी द्रव देण्यात आलं. तपासणीत रक्तातलं सोडियम ११५ निघालं. ते १३५ ते १४५ असायला हवं. केप टाउनच्या टिम नोक्स या डॉक्टरनं हे आणि असेच आणखी रुग्ण १९८५ मध्ये छापून मांडले. जास्त पाण्यामुळे रक्त पातळ होतं, मेंदूला सूज येते, हे त्याचं म्हणणं वर्षानुवर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. हा गृहस्थ पुढे आहाराच्या बाबतीत असा काही टोकाला गेला की त्याचं सगळंच ऐकावं असं मी म्हणणार नाही. या एका बाबतीत मात्र तो आधी होता आणि बरोबर होता.

जग हललं ते २००२ च्या बोस्टन मॅरेथॉननंतर. त्या शर्यतीत अठ्ठावीस वर्षांची एक धावपटू याच कारणानं गेली. त्याच दिवशी संशोधकांनी अंतिम रेषेवर ४८८ जणांचं रक्त तपासायला घेतलं होतं. २००५ मध्ये निष्कर्ष छापून आले: १३ टक्के लोकांचं सोडियम कमी, आणि तिघांचं जिवावर बेतेल इतकं खाली. कोण होते हे लोक? शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं ते. बेचाळीस किलोमीटर धावून वजन वाढवायचं! आणि ज्यांना चार तासांहून जास्त वेळ लागला ते. हे लक्षात घेण्यासारखं आहे. पुढे पळणाऱ्याला प्यायला सवडच नसते. मागून चालत-धावत येणारा, सहा-सहा तास रस्त्यावर असणारा, हौसेनं पहिल्यांदा आलेला, सगळे सल्ले मन लावून वाचलेला माणूस प्रत्येक टेबलाशी आज्ञाधारकपणे थांबतो. पेडर रोडवरचे आमचे गृहस्थ असेच होते. त्यात दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडाला जादा पाणी बाहेर टाकू देत नाहीत. त्यांनी चुकीचं असं काहीच केलं नव्हतं, सांगितलं तेच केलं होतं.

एवढं वाचून कुणी पाणीच टाळू लागला, तर मे महिन्यात तोही स्ट्रेचरवर दिसेल. म्हणून घामाकडे जरा नीट बघू.

घरातला माठ घ्या. त्याच्या अंगातून पाणी झिरपतं, हवेत उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. नागपुरात मेमधला माठ कसा गारेगार असतो! तोच माठ मुंबईत जुलैमध्ये ठेवा. बाहेरून ओलाकिच्च, आत कोमट. हवेतच पाणी भरलेलं असेल तर माठातलं उडणार कुठे? आपण धावताना चालता-बोलता माठच असतो. साठ किलोचा माणूस तासाला दहा किलोमीटर धावला तर साधारण सहाशे कॅलरी जाळतो, आणि त्यातला तीन-चतुर्थांश भाग नुसती उष्णता असते. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर पाचशे ऐंशीच्या आसपास कॅलरी घेऊन जातो. म्हणजे हिशेबानं तासाला पाऊण लिटर घाम पुरायला हवा. पण मुंबईत घाम उडत नाही, टपकतो. हनुवटीवरून रस्त्यावर पडलेला थेंब तुम्हाला काडीचाही गारवा देत नाही, पाणी आणि मीठ मात्र घेऊन जातो. शरीर बिचारं आणखी घाम काढतं. विदर्भात उलटा फसवा प्रकार: घाम दिसतच नाही, अंग कोरडं वाटतं, आणि संध्याकाळी टोपीवर मिठाची पांढरी नक्षी उमटलेली असते.

पुण्याचे धावपटू दर जानेवारीत मुंबईत येऊन याची किंमत मोजतात. दहा-बारा अंशांच्या पहाटे सराव केलेला असतो. सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस उकाड्यात घाम गाळावा लागतो. मग घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. शनिवारी संध्याकाळी इंद्रायणीतून उतरून रविवारी पहाटे हे होत नाही.

घाम प्रत्येकाचा वेगळा, हे मी वाचून मानत नव्हते. मग गच्चीवर वजनकाटा नेला. धावायच्या आधी मोजायचं, आल्यावर घामट कपडे काढून अंग पुसून मोजायचं, मधे जेवढं प्यायलं ते मिळवायचं. जानेवारीत दीड तास धावून माझं वजन सातशे ग्रॅम घटलं, चारशे मिलिलिटर प्यायले होते. म्हणजे दीड तासात अकराशे गेलं. मेमध्ये सकाळी सातला निघून तेवढाच वेळ धावले: वजन सव्वा किलोनं कमी, पाचशे प्यायलेलं, म्हणजे पावणेदोन लिटर. माझ्याच उंचीची, माझ्याच वयाची मैत्रीण त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर याच्या निम्म्यानं घामेजली. दोघींना एकच सल्ला देणाऱ्या तक्त्याचं काय करायचं? घामातलं मीठही असंच. लिटरमागे कुणाचं अर्धा ग्रॅम सोडियम जातं, तर कुणाचं दीड ग्रॅमच्याही वर. आणि गेलेलं सगळं तिथल्या तिथे भरायला हवं असंही नाही. वजन थोडं कमी होऊन घरी येणं हे ठीक असतं. इथिओपियाचा हेले गेब्रसेलासी २००९ ची दुबई मॅरेथॉन जिंकला तेव्हा त्याचं वजन सुमारे दहा टक्क्यांनी उतरलेलं होतं. त्याची नक्कल करू नये, पण तक्त्यांवरचा विश्वास डळमळायला तेवढं पुरेसं आहे.

मिठाची गोष्ट सांगायची तर ती शर्यतीतून सुरू होत नाही, निर्वासितांच्या छावणीतून होते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या लोंढ्यात पटकी पसरली. बनगावच्या रुग्णालयात जमिनीवर माणसं पडलेली, सलाईन संपलेलं. दिलीप महालनबीस या डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती पेले दिले. तीस टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. यामागचं शास्त्र रॉबर्ट क्रेननं १९६० मध्ये मांडलं होतं: लहान आतड्याच्या भिंतीत एक असं दार आहे की सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आले तरच उघडतं, आणि त्यांच्यामागून पाणी आत येतं. महालनबीस २०२२ मध्ये गेले, आणि पद्मविभूषण मिळालं ते त्यानंतर.

एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. हे जागतिक आरोग्य संघटनेचं घरगुती प्रमाण. उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी द्यायचं, ही रीत त्याच्या जवळ जाते, फक्त मीठ घालायचं राहिलं. गोष्टींतले प्रवासी तहानलाडू-भूकलाडू घेऊन निघायचे, त्या तहानलाडूत काय असायचं हे कुठल्याच आजीनं मला सांगितलं नाही. मीठ असावं असा माझा संशय आहे. आमच्या गटात लांबच्या सरावाला कोकम सरबत चालतं, मीठ नेहमीपेक्षा जरा जास्त घालून. ताकाचा प्रयोग एकानं घाटात केला, त्याबद्दल इथे लिहिणं बरं नाही. दुकानातल्या ओआरएसच्या डब्यांबाबत मात्र सावध राहा. नाव ओआरएस आणि आत नुसतं गोड पाणी, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ठरलेल्या प्रमाणात नसलेल्या पेयांना ते नाव वापरायला बंदी केली.

आणि लोणच्याचा खार! पोटरीत गोळा आला की खाराचा घोट घ्या, हे जुने धावपटू सांगतात तेव्हा मी हसायचे. २०१० मध्ये अमेरिकेत केव्हिन मिलरनं प्रयोगशाळेत विजेच्या झटक्यानं पायात गोळे आणून तपासलं. काकडीच्या लोणच्याच्या पाण्यानं गोळा साध्या पाण्यापेक्षा लवकर सुटला, इतका लवकर की मीठ रक्तात पोचायला वेळच नव्हता. आंबट-खारट चवीनं घशातल्याच नसा काहीतरी निरोप धाडतात, असा तर्क आहे. म्हणजे गोळा आला की मीठ संपलं, हे गणितही तितकंसं खरं नाही.

पाणी किती आणि कसं, हे धावणाऱ्यानं बघायचं. पण ते टेबलावर आहे की नाही, हे कुणी बघायचं? १४ ऑगस्ट २०१६ ला रिओ ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये आपल्या दोघी धावल्या. नाशिकची कविता राऊत तीन तासांच्या किंचित आत पोचली. केरळची ओ. पी. जैशा २ तास ४७ मिनिटं १९ सेकंदांत आली आणि रेषेपलीकडे कोसळली. नंतर तिनं सांगितलं की इतर देशांच्या टेबलांवर त्यांच्या खेळाडूंसाठी पेयं होती, आपल्या टेबलावर फक्त देशाचं नाव होतं. ॲथलेटिक्स महासंघानं ते नाकारलं. तिनं आणि तिच्या प्रशिक्षकांनीच खास पेयं नकोत असं सांगितल्याचं त्यांचं म्हणणं. चौकशी लागली. खरं-खोटं माझ्या हातात नाही. पण नियमानं दर पाचेक किलोमीटरला खेळाडूची स्वतःची बाटली ठेवता येते, आणि ती ठेवायला कुणीतरी माणूस लागतो, एवढं मात्र पक्कं.

तो माणूस कसा असू शकतो, ते २०१८ च्या बर्लिनला दिसलं. एलिउद किपचोगे २:०१:३९ चा विश्वविक्रम करत होता आणि प्रत्येक टप्प्यावर क्लाउस-हेनिंग शुल्के नावाचा एक स्वयंसेवक हात लांब करून त्याला बाटली देत होता. बाटली नीट हातात गेली की हा पठ्ठ्या उड्या मारायचा, मुठी आवळायचा, आणि सायकलवर टांग टाकून पुढच्या टप्प्याकडे सुटायचा. जगानं त्याला 'बॉटल क्लाउस' करून टाकलं. आमच्या काकांनी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल! उलट बाजूही आहे. टोकियो ऑलिम्पिकची मॅरेथॉन उकाड्यामुळे उत्तरेला साप्पोरोला हलवली, तरी पुरुषांत १०६ पैकी ३० जणांनी शर्यत सोडली. तिथेच फ्रान्सच्या मोरहाद अमदूनीनं टेबलावरच्या बाटल्यांची अख्खी रांग आडवी केली आणि शेवटची उचलून गेला. मुद्दाम की थकून, यावर लोक अजून भांडतात. थकलेल्या हाताची बोटं कशी वागतात ते टेबलाच्या या बाजूनं पाहिल्यापासून मी त्याला दोष देत नाही.

दोहाला २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन चक्क मध्यरात्री सोडली. तरी तापमान तिशीच्या वर, दमटपणा सत्तर टक्क्यांच्या पुढे. ६८ पैकी २८ जणी मधेच थांबल्या. पाण्याची तर रेलचेल होती. पाण्यानं तहान भागते. अंगातली आग विझेलच असं नाही, ही गोष्ट तिथे उघडी पडली. उष्माघात म्हणजे निर्जलीकरण नव्हे. अमेरिकेतल्या फाल्मथला ऑगस्टमध्ये सव्वाअकरा किलोमीटरची शर्यत होते. एवढ्या अंतरात कुणाचं पाणी संपत नाही, तरी अठरा वर्षांत तिथे उष्माघाताचे २७४ रुग्ण झाले, कारण लोक जोरात पळतात आणि उष्णता बाहेर टाकण्यापेक्षा वेगानं तयार करतात. २७४ पैकी एकही दगावला नाही. औषध? बर्फाच्या पाण्यानं भरलेले टब. आधी टबात, मग रुग्णालयात. आपल्याकडे अजून आधी रुग्णवाहिकेचा भोंगा वाजतो, आणि गर्दीत अडकलेल्या गाडीत माणूस शिजत राहतो. हे वाचल्यापासून मी नाव नोंदवायच्या आधी संयोजकांना एकच प्रश्न विचारते, टब कुठे आहे? टी-शर्टचा रंग आणि पदकाचं वजन यांची उत्तरं तयार असतात, या प्रश्नावर फोनवर शांतता होते.

ऊन, वारा आणि दमटपणा एका आकड्यात मोजायची पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षण केंद्रांवर आली, कारण कवायतीत नवे रंगरूट उकाड्यानं मरत होते. त्यात ओल्या फडक्याच्या तापमापकाला सत्तर टक्के वजन, उन्हातल्या काळ्या गोळ्याला वीस, साध्या तापमानाला दहा. आपल्या मोबाइलवर दिसतं ते फक्त शेवटचं, दहा टक्क्यांचं. रंगरूट म्हटलं की मला २०१४ चा जून आठवतो. मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवारांचे जीव गेले. गावाहून रात्रीचा प्रवास करून आलेली, फुटपाथवर झोपलेली, धड न जेवलेली पोरं. त्यांच्यासाठी ती शर्यत हौसेची नव्हती, त्यामुळे मधेच थांबायची मुभाही नव्हती. त्यानंतर अंतर कमी झालं. आता पुरुषांना १६०० मीटर धावावं लागतं. जानेवारीच्या रविवारी पैसे भरून धावणाऱ्या आम्हा लोकांसाठी दोन-अडीच किलोमीटरला पाणी, संत्री, स्पंज, बर्फाचे फवारे. हे लिहिताना पेन जरा अडखळतंच.

पेडर रोडवर बाराच्या आसपास आवराआवर सुरू झाली. पाण्याचे खोके संपत आले होते, दोघी पोरी खराट्यानं ग्लास गोळा करत होत्या. मागून शर्यतीची बस हळूहळू येत होती. वेळेत न पोचणाऱ्यांना उचलणारी. तिच्या पुढे वीसेक पावलांवर एक बाई चालत येत होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, सलवार-कमीज, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, पायात चांगले बूट. बसकडे त्या वळूनही बघत नव्हत्या.

मी सवयीनं ग्लास उचलला. काकांनी माझा हात धरला आणि स्वतः पुढे झाले. "ताई, तहान लागलीय का?"

बाई थांबल्या. असा प्रश्न त्यांना सकाळपासून कुणी विचारला नसावा. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली, जरा विचार केला. "थोडीशी. पण आधी काहीतरी खारट द्या हो. तोंड नुसतं गोड-गोड झालंय."

काकांनी संत्र्याची फोड घेतली, मिठाच्या बशीत दोन्ही बाजूंनी घोळली आणि त्यांच्या हातावर ठेवली. मग अर्धा ग्लास पाणी. बाईंनी फोड सालीसकट तोंडात धरली, डोळे मिटले, चोखली. तोवर बस अगदी मागे येऊन ठेपली होती. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला.

काका रस्त्यावर उतरले, बसच्या बाजूला गेले आणि पत्र्यावर थाप मारली. एकच.

बस थांबली.